मदत हवी आहे: थंडीतलं कषाय (मसाल्यांचा काढा) घरात सगळ्यांना एकच चालेल का?

नमस्कार मंडळी,
आम्ही फोंड्याजवळ रहातो, आजूबाजूला सगळी कुळागरं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा. गोव्यातली थंडी पुण्या-नाशिकसारखी नसते हे मान्य पण पहाटे 20 च्या आसपास आणि दुपारी 32, हा फरकच बाधतो बघा. त्यात जत्रांचे दिवस, रात्री नाटकाला उघड्यावर दवात बसायचं आणि दुसऱ्या दिवशी अर्धं घर खोकतंय.

सासूबाई दरवर्षी कषायाची पूड करतात. धणे भरपूर, त्याच्या निम्मे जिरे, थोडी बडीशेप, जराशी मेथी, मिरे, सुंठ, वेलची आणि ज्येष्ठमध. मंद आचेवर वेगवेगळं भाजायचं आणि मग मिक्सरला. पाण्यात उकळून गूळ आणि वरून दूध. वास इतका छान सुटतो की शाळेतून आलेला मुलगा दप्तर टाकून आधी स्वयंपाकघरात येतो.

आतापर्यंत सर्दी झाली की प्यायचो, यंदा घरात ठरलंय की शिगम्यापर्यंत (होळीच्या सणापर्यंत) रोज सकाळी सगळ्यांनी घ्यायचं, इम्युनिटीसाठी. आणि इथेच मला धाकधूक वाटतेय. सासूबाई सत्तरीच्या, बीपी आणि शुगर दोन्हीच्या गोळ्या चालू. नवऱ्याला पित्ताचा त्रास. मुलगा 7 वर्षांचा, धाकटी 10 महिन्यांची, तिला मधातून चाटवा असं सगळेच सांगतात. शेजारच्या काकी म्हणतात आमच्या कुळागरात गुळवेल चढलीय ती ठेचून घाल, आणि नवऱ्याचं म्हणणं जितकं आटवू तितका गुण जास्त. सासूबाईंनी प्रेमाने केलेल्या गोष्टीला नाही म्हणणं मला जमत नाही आणि म्हणायचंही नाहीये, फक्त कोणाला काय चालेल ते नीट कळायला हवं. शिवाय गूळ घातल्यावर दूध फाटतं, ते कसं टाळायचं?

प्रतिसाद (डिचोलीहून)
ताई, दुधाचं आधी सांगते. आलं किंवा गूळ असलेल्या उकळत्या पाण्यात दूध ओतलं की फाटू शकतं. गॅस बंद करा, गूळ विरघळवा, जरा निवू द्या आणि मग वेगळं तापवलेलं दूध घाला. ओलं आलं असेल तर ते आधी पाण्यात चांगलं उकळून घ्यायचं.
आटवण्याबद्दल म्हणाल तर 2020 साली आयुष मंत्रालयाने जो काढा सांगितला होता त्यात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरे 1, अशी पूड फक्त 3 ग्रॅम, 150 मिली पाण्याला, दिवसातून एकदा किंवा दोनदा. म्हणजे बघा किती थोडी, आटवून कडक करायची गरजच नाही! पित्तवाल्याला कडक काढा उपाशीपोटी देऊच नका, त्यांच्यासाठी धणे-जिरे-बडीशेपेचंच करा, मिरे-सुंठ नको. दालचिनी घालणार असाल तर कुळागरातली पातळ सालीची घ्या, बाजारातली जाड कडक साल बहुतेक वेळा कॅशिया म्हणजे दालचिनीचीच दुसरी जात असते, त्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त आणि ते रोज भरपूर पोटात गेलं तर लिव्हरला चांगलं नाही.

प्रतिसाद
मी फार्मसीत काम करते म्हणून दोन गोष्टी कळकळीने सांगते. बाळाला मध अजिबात नको, वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या आजाराचा) धोका असतो आणि तो जिवावर बेतू शकतो, कोणी कितीही आग्रह केला तरी. काढासुद्धा नको तिला.
दुसरं, सासूबाईंच्या वाट्यातून ज्येष्ठमध काढा. रोज घेतलं तर त्याने बीपी वाढतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, बीपीच्या गोळ्यांमध्ये लघवीची गोळी असेल तर आणखीच. गूळही त्यांना नको, साखरेपेक्षा बरा वाटतो पण शुगर वाढवतोच. गुळवेल तर तुम्ही स्वतः तोडून घालूच नका. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतलेल्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की सारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. म्हणजे वेल ओळखण्यातच घोटाळा होऊ शकतो ना, मग घरच्या घरी कशाला? गोळ्यांची चिठ्ठी घेऊन शिरोड्याच्या आयुर्वेद कॉलेजमध्ये किंवा धारगळच्या आयुर्वेद संस्थेत एकदा दाखवून या.
आणि काढ्याने घसा मोकळा होतो, ऊब येते, पाणी पोटात जातं, हे खरंच आहे. पण त्याने सर्दी-फ्लू होणारच नाही असं समजू नका, सत्तरीच्या माणसाला फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. ताप दोन-तीन दिवस उतरला नाही किंवा धाप लागली तर काढ्यावर थांबायचं नाही.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार! आज संध्याकाळीच सासूबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, ज्येष्ठमध आणि सुंठ-मिऱ्यांची डबी वेगळी ठेवूया, धणे-जिऱ्याची पूड बाळ सोडून सगळ्यांना एकच आणि बाकीचं ज्याच्या त्याच्या कपात. मुलाला अर्धा कप पातळ करून, तेही रोज नाही. चिठ्ठी घेऊन त्यांना पुढच्या आठवड्यात शिरोड्याला नेतेय, गुळवेलीचं तिथेच विचारेन.
आता एकच राहिलं, इथल्या दमट हवेत पूड लगेच गोळा होते. एकदम जास्त करून फ्रीजमध्ये ठेवता का थोडी थोडी करता?