मदत हवी आहे: चित्रातल्या पट्टीच्या सांध्यावर पुन्हा पुन्हा भेग पडते

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज अडलो म्हणून लिहितोय.

एक छोटं काम हातात आहे. २० बाय २० सेंमीचा, १८ मिमी जाडीचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) तुकडा. त्याच्या उजव्या कडेला वरपासून खालपर्यंत ४ सेंमी रुंद भरीव लाकडाची पट्टी चिकटवली आहे. ती ३ सेंमी पुढे येते. सगळ्यावर एकच मॅट पांढरा ॲक्रिलिक, बाकी काही नाही. समोरून उजेड असेल तर कोरा पांढरा चौकोन दिसतो. उजेड उजवीकडून आला की पट्टीची सावली सपाट भागावर पडते आणि दिवस कलेल तशी पसरत जाते. ती सावली हेच माझं चित्र. (घरचे म्हणतात, "रंगवायला कधी घेणार?")

अडचण अशी की पट्टी जिथे सपाट भागाला टेकते त्या कोपऱ्यात मी पुट्टी भरतो, घासतो, रंगाचे हात देतो, आणि आठ-पंधरा दिवसांत तिथे केसाएवढी भेग. तीनदा झालं. भेग सरळही नाही, मध्येच फाटे फुटतात. सावली सुरू होते नेमकी त्याच जागी, त्यामुळे नजर तिथेच जाते. एरवीच्या चित्रात कुणाला दिसलीही नसती, पण इथे लपायला जागाच नाही.

दुसरं, एका प्रदर्शनाच्या अर्जात "चित्र" किंवा "शिल्प" यांपैकी एकावरच खूण करायची आहे. काय करू? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद

सिलिकॉन भरून टाका. लवचिक असतं, भेग पडणार नाही.

प्रतिसाद

वरचं ऐकू नका. सिलिकॉनवर रंग धरत नाही, सोलून निघेल. ॲक्रिलिक सीलंटवर रंग बसतो, पण तो मऊ राहतो आणि त्याला धड घासता येत नाही. तुमच्या मॅट पांढऱ्यात ती रेघ वेगळी चमकेल.

प्रतिसाद

लाकूडकाम करतो म्हणून सांगतो, दोष पुट्टीचा नाही, जोडीचा आहे. भरीव लाकूड हवेतल्या ओलाव्याने रेषांना (तंतूंना) आडवं फुगतं आणि आकसतं. लांबीत जवळजवळ हलत नाही. तुमची पट्टी ४ सेंमीच्या रुंदीत हलतेय. एमडीएफला रेषाच नाहीत, तो लांबी-रुंदीत फारसा हलत नाही. दोघांच्या मध्ये अडकलेली कडक पुट्टी फुटणारच. कितीही वेळा भरा.

सगळ्यात सोपं म्हणजे पट्टीही एमडीएफचीच करा. कापलेल्या कडा रंग पितात, त्यांना आधी पातळ केलेल्या गोंदाचे दोन हात द्या. वाळल्यावर घासा, मग प्रायमर. लाकूडच हवं असेल तर भेगेशी भांडू नका. पट्टीच्या तळाची आतली कड २ मिमी उतरवून तिथे मुद्दाम खाच ठेवा आणि गोंदाची एकच रेघ मधोमध, लांबीत ओढा. लाकूड हललं तरी ते खाचेच्या अंधारात.

मागची बाजू रंगवली आहे का? एकाच बाजूला हात दिले तर फळी वाकते. मागेही सील करा.

मूळ धागाकर्ता

मागची बाजू कोरीच आहे! आता मोजपट्टी लावून बघितली तर खरंच किंचित वाक आलाय.

खाचेची कल्पना आवडली, पण मग तिथे एक काळी रेघ येईल. मला रेघच नको होती.

प्रतिसाद

मग कापड. जुने युरोपीय चित्रकार लाकडी फलकांच्या सांध्यांवर लिननचं कापड चिकटवून वर गेसो (रंगाखालचा पांढरा लेप) देत, ते याच दुखण्यावर. पातळ सुती कापड सपाट भागापासून पट्टीच्या बाजूवर सलग चढवा, कोपऱ्यात बोटाने दाबून बसवा. वर गेसोचे पातळ हात, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. पण आधी पट्टी एमडीएफची करा. कापड थोडीच हालचाल झेलतं.

आणि मागच्या कडेला भडक नारिंगी रंग द्याल का? भिंतीवर त्याची आभा पडते, फार सुंदर दिसतं.

मूळ धागाकर्ता

नारिंगी नको. मग लोक भिंतच बघत बसतील :)

प्रतिसाद

अर्जाबद्दल. हा प्रश्न तुमच्या एकट्याचा नाही. अमेरिकी कलाकार डोनाल्ड जडने १९६५ च्या लेखात नेमकं हेच मांडलं होतं, की नवीन कामांतलं बरंचसं चांगलं काम चित्रही नाही आणि शिल्पही नाही. चित्रकार फ्रँक स्टेलाने कॅनव्हासच्या चौकटी नेहमीपेक्षा जाड केल्या, त्यामुळे चित्र भिंतीपासून सुटून वस्तू वाटू लागलं. ॲन ट्रुइट उलट बाजूने आली: लाकडी खांब उभे करायचे आणि त्यावर रंगाचे हातावर हात, मध्ये मध्ये घासत. तिला लोक शिल्पकार म्हणतात, पण ते खांब बघताना आपण रंगच बघत असतो.

व्यवहाराचं सांगायचं तर भिंतीवर टांगायचं असेल तर "चित्र" वर खूण करा. "शिल्प" म्हटलंत की ते चौथऱ्यावर ठेवतील, वरून झोत सोडतील आणि तुमची सावली गायब. माध्यमाच्या रकान्यात "एमडीएफवर ॲक्रिलिक, उठाव ३ सेंमी" लिहा आणि उजेड उजवीकडून हवा हे वेगळं कळवा. ही ओळ विसरू नका.

मूळ धागाकर्ता

सर्वांचे आभार. रद्दी तुकड्यांवर दोन्ही करून पाहिलं. खाचेच्या तुकड्यात सावलीचं मूळच खाचेत बुडतं आणि पट्टी अधांतरी वाटते. छान आहे, पण ते दुसरंच चित्र झालं. या कामाला एमडीएफची पट्टी आणि कापड ठरवलंय, मागूनही दोन हात दिले. "चित्र" वर खूण केली.

फक्त गेसोच्या तिसऱ्या हातानंतरही कापडाची वीण दिसतेय. आणखी हात देऊ की घासू?

प्रतिसाद

आधी घासा. पूर्ण वाळल्यावर सगळीकडे मऊ पेन्सिलीने हलकं गिरगटवा आणि २४० च्या सँडपेपरने ते जाईपर्यंत घासा. पेन्सिल जिथे उरेल तिथे खळगा आहे, तेवढ्यालाच गेसो. मग ४०० ने. कोपऱ्यात पेपर बोटाने दाबू नका, चपट्या काडीला गुंडाळून घासा, नाहीतर कोपरा गोल होईल. शेवटचा मॅट हात दिल्यावर बोट लावू नका. मॅटवर हाताळल्याच्या चकाकत्या खुणा उमटतात आणि आडव्या उजेडात त्या भेगेपेक्षा वाईट दिसतात.