सारखे तोंड येण्यामागे टूथपेस्टमधील घटक असू शकतो का? (मदत हवी आहे)

माझ्या १९ वर्षांच्या मुलीला गेल्या पावसाळ्यापासून वारंवार तोंड येत आहे. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला, गालात आणि कधी जिभेच्या कडेला मसुराच्या डाळीएवढे, मध्ये पिवळट आणि भोवती लाल कड असलेले व्रण उठतात. ते आठवड्या-दीड आठवड्यात आपोआप भरतात, परंतु जुना भरत आला की शेजारी नवा डोके वर काढतो, आणि अशा वेळी तिला हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) एक घाससुद्धा घेववत नाही. आम्ही गोव्यात फोंड्याला राहतो. आमच्या डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), फॉलिक ॲसिड आणि बी-१२ तपासून घेतले असून सर्व आकडे योग्य मर्यादेत आहेत. घरातील वडीलधाऱ्यांचे निदान अर्थातच ‘उष्णता’ हे आहे, आणि त्यानुसार जाईचा पाला चघळणे, व्रणावर साजूक तूप लावणे व रात्री गुलकंद खाणे हे सारे यथासांग चालू आहे. तुपाने झोंबणे तेवढ्यापुरते कमी होते. त्याहून अधिक काही घडल्याचे दिसत नाही.

टूथपेस्टचा संशय येण्याचे कारण असे की, मे महिन्याच्या सुट्टीत ती सावंतवाडीला मावशीकडे राहिली, तेव्हा तिने मावशीची, थंड-गरम लागून दातांना कळ येणाऱ्यांसाठी मिळणारी पेस्ट वापरली. त्या पेस्टला जवळपास फेसच येत नसे, आणि त्या मुक्कामात तोंड आले नाही. घरी परतल्यावर पूर्वीची पेस्ट सुरू झाली आणि व्रणही परतले. हा पुरावा कच्चा आहे, हे मला कळते. सुट्टीत परीक्षेचा ताण नव्हता, जागरणे नव्हती, आणि सकाळी पोदेराचे (पाववाल्याचे) कडक कवचाचे उंडे, म्हणजे गोल पावही नव्हते, ज्यांची कड ओठाला आतून बोचते, असे तिचे म्हणणे आहे. तरीही आमच्या पेस्टच्या खोक्यावरील बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली, तेव्हा सोडियम लॉरिल सल्फेट हे फेस आणणाऱ्या घटकाचे नाव यादीत बरेच वर सापडले. गंमत म्हणजे हिरव्या पानांचे चित्र आणि ‘आयुर्वेदिक’ असा ठसठशीत उल्लेख असलेल्या दुसऱ्या पेस्टवरही लवंग-बाभळीच्या पाठोपाठ तेच नाव होते.

या घटकामुळे व्रण होतात, की झालेले व्रण केवळ अधिक झोंबतात? तो नसलेली, परंतु फ्लोराइड असलेली पेस्ट कशी ओळखावी? आणि ताण व आहार यांची सरमिसळ न होऊ देता हे घरच्या घरी कसे पडताळून पाहावे? ‘पेस्ट सोडा, मंजन वापरा’ हा सल्ला आधीच मिळाला आहे. मुलीच्या दाढा किडल्यामुळे भरून घ्याव्या लागल्या असल्याने फ्लोराइड सोडण्याची माझी तयारी नाही.

प्रतिसाद :

मी दंतवैद्य आहे. आपला संशय निराधार नाही, मात्र तो अर्धाच खरा ठरण्याची शक्यता अधिक आहे. सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा घटक असून टूथपेस्टमध्ये तो साधारणपणे ०.५ ते २ टक्के असतो. तोंडाच्या आतील नाजूक अस्तरावर लाळेतील म्युसिनचा बुळबुळीत संरक्षक थर असतो. हा घटक तो थर विस्कटतो आणि मग पेस्टमधील इतर क्षोभक पदार्थ खालच्या पेशींपर्यंत सहज पोहोचतात. दात घासल्यानंतर काही जणांच्या गालाच्या आतून पांढरे, पातळ पापुद्रे सुटतात, तेही पुष्कळदा याच कारणाने. (दात घासल्यावर लगेच संत्र्याचा रस कडवट लागतो, त्यातही याच घटकाचा हात असतो.)

परंतु व्रणांशी असलेला त्याचा संबंध सर्व अभ्यासांत सारखा दिसलेला नाही. नॉर्वेत १९९४ साली अवघ्या १० रुग्णांवर झालेल्या पाहणीत हा घटक नसलेल्या पेस्टने व्रणांची संख्या बरीच घटली. १९९९ मध्ये इंग्लंडमधील तितक्याच लहान पाहणीत फरक आढळला नाही. आणि २०१२ मध्ये कोरियात ९० जणांवर झालेल्या चाचणीत व्रणांची संख्या तीच राहिली, मात्र ते लवकर भरले आणि दुखणे कमी झाले. माझे मत असे की, ज्याची मुळात व्रण होण्याची प्रवृत्ती आहे, त्याने हा घटक टाळून पाहावा. त्यात गमावण्यासारखे काही नाही.

नियमानुसार १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावे लागतात, त्यामुळे आपले भिंग योग्य ठिकाणी गेले. कोकामिडोप्रोपिल बिटेन किंवा सोडियम लॉरोइल सार्कोसिनेट ही नावे दिसल्यास गोंधळू नये. ते वेगळे फेसकारक आहेत. फ्लोराइडचे प्रमाण पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) लिहिलेले असते आणि आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे. दालचिनी, लवंग किंवा तीव्र पुदिन्याच्या स्वादानेही काहींच्या तोंडाची आग होते, म्हणून नवी पेस्ट शक्यतो सौम्य स्वादाची घ्यावी. आयुर्वेदिक पेस्टवर रागावण्याचे कारण नाही, पण फेस हवा असेल तर फेसकारक कोणालाही घालावाच लागतो.

पडताळणीसाठी केवळ पेस्ट बदलावी. उंडे, ब्रश आणि जाईचा पाला आहेत तसेच चालू ठेवावेत. व्रण कधी उठला, कोठे उठला आणि कधी भरला, हे किमान तीन महिने दिनदर्शिकेवर लिहावे, कारण हे व्रण स्वभावतःच येत-जात असतात आणि महिनाभराच्या शांततेवरून काहीच सिद्ध होत नाही. परीक्षेच्या तारखाही तेथेच टिपाव्यात.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. फार्मसीतून क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचे माउथवॉश आणले आहे. ते दात घासल्यावर लगेच वापरले तर चालेल का?

प्रतिसाद :

लगेच नको. सोडियम लॉरिल सल्फेट आणि क्लोरहेक्सिडिन यांचे विद्युतभार परस्परविरुद्ध असल्यामुळे ते एकमेकांना बांधून ठेवतात आणि माउथवॉशचा प्रभाव कमी होतो. मध्ये किमान अर्धा तास जाऊ द्यावा. ते दीर्घकाळ वापरल्यास दातांवर तपकिरी डागही पडतात, म्हणून व्रण असतील तेवढेच दिवस वापरावे. कोणताही एक व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, १ सेंटिमीटरहून मोठा झाला, किंवा सोबत डोळे लाल होणे, गुप्तांगावर व्रण, सततचे जुलाब अथवा वजन घटणे असे काही दिसले, तर पेस्टचा प्रयोग बाजूला ठेवून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात मुलीला दाखवावे आणि ही दिनदर्शिका सोबत न्यावी.