'लैंगिक संक्रमित' आणि 'रक्तजन्य': मराठीत नेमकं काय म्हणावं?

गंगाघाट:
मंडळी, मदत हवी. नाशिकमधल्या एका आरोग्य शिबिरासाठी सरकारी योजनेचं माहितीपत्रक मराठीत आणतोय. मूळ मजकूर हिंदी. मथळा: 'लैंगिक संक्रमित व रक्तजन्य संक्रमण रोकथाम नियोजन'. 'रोकथाम' वाचताक्षणी उडवलं. उरलेल्यांवर अडलोय. 'संक्रमण' चालेल?

जुनं नाशिक:
संक्रमण म्हटलं की मला तीळगूळ आठवतो. मकरसंक्रमण, संक्रमणकाळ हे आपले. रोगाला आपल्याकडे संसर्ग किंवा लागण. आणि 'लैंगिक संक्रमित' म्हणजे काय? संक्रमित होतो तो माणूस. 'लैंगिक संबंधातून पसरणारे संसर्ग' लिहा. दोन शब्द जास्त जातील, जाऊ देत.

गंगाघाट:
मग 'गुप्तरोग'च का नको? सगळ्यांना कळतो.

चाचणी-केंद्रवाली:
कळतो, तीच पंचाईत. रेल्वेरुळांलगतच्या भिंतींवर हा शब्द इतकी वर्षं रंगवलाय की तो वाचून माणूस तंबूवाल्या वैदूकडे जातो, सिव्हिलला येत नाही. सरकारी दवाखान्याचं नाव 'सुरक्षा क्लिनिक' आहे ते उगाच नाही. शिवाय 'रोग' म्हटलं की लोक त्रास व्हायची वाट बघतात. एचआयव्ही कित्येक वर्षं काही न जाणवता शरीरात राहतो. रोग दिसत नाही, संसर्ग असतो. म्हणून 'संसर्ग'च लिहा.
समोर बसलेला माणूस मात्र यातलं काहीच बोलत नाही. बायका 'अंगावरून पांढरं जातं' म्हणतात, जुने पुरुष 'गरमी', 'परमा' म्हणतात. पत्रकात कंसात हे शब्द द्या, लाजू नका.

जुनं नाशिक:
गरमी म्हणजे सिफिलिस, परमा म्हणजे गोनोरिया. ग्रंथातला शब्द उपदंश. गंमत म्हणजे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात 'फिरंग रोग' येतो. पोर्तुगीज आले, त्यांच्या नावानं रोगही. नको ते दुखणं परक्याच्या नावावर टाकायची खोड जुनीच.

व्याकरणवेडा:
'रक्तजन्य'बद्दल कुणी बोलेना, म्हणून मी. जन्य म्हणजे त्यापासून उपजलेलं. हा विषाणू रक्तात जन्मत नाही, रक्त त्याला वाहून नेतं. इंग्रजीत 'ब्लड-बॉर्न' म्हणतात, त्यातल्या 'बॉर्न'चे दोन अर्थ आहेत, जन्मलेला आणि वाहून नेलेला. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. भाषांतरात ते एक झाले असावेत. तरी 'जलजन्य', 'कीटकजन्य' इतके रुळलेत की त्यांच्याशी भांडण नाही. पण इथे 'रक्तातून पसरणारे' जास्त कामाचं, कारण त्यावर वाचणारा विचारतो: कुणाच्या रक्तातून, कसं? मग वापरलेली सुई, न तपासलेलं रक्त, गोंदवणं सांगता येतं.

चाचणी-केंद्रवाली:
अगदी. आणि 'कावीळ' सांभाळून वापरा. मराठीत कावीळ एकच, पण अ आणि ई दूषित पाण्या-अन्नातून येते, ब आणि क रक्तातून. ब लैंगिक संबंधातून आणि आईकडून बाळालाही. लोक सगळ्याला एकच माळ बांधतात. ब-ची लस आहे. क-ची लस नाही, पण गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात त्या फुकट आहेत. 'हिपॅटायटिस बी, सी' असंच लिहा, कंसात कावीळ.

गंगाघाट:
शेवटची शंका. मजकुरात एकदा 'नियंत्रण', एकदा 'निर्मूलन' आहे. एकच करू?

व्याकरणवेडा:
मुळीच नको! निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. ते माणसाच्या रोगांपैकी फक्त देवीचं झालं. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. एड्सचा कार्यक्रम १९९२ पासून नावानंच 'नियंत्रण'. क्षयरोगाच्या कार्यक्रमाचं २०२० मध्ये नाव बदललं तेव्हा मराठीत 'दुरीकरण' आलं. मला तो शब्द आवडतो, रोग हाताच्या अंतरावर ठेवल्यासारखा. कुष्ठरोगाला मात्र 'निर्मूलन'च म्हणतात, तिथे माझं काही चालत नाही. 'आळा घालणे' बोलीत चांगलं. 'पायबंद' घोड्याचा, तो राहू द्या.

चाचणी-केंद्रवाली:
आणि 'एड्सग्रस्त' आला असेल तर काढा. ग्रस्त पूरग्रस्तासारखा वाटतो, आणि एचआयव्ही असणाऱ्या प्रत्येकाला एड्स असतो असंही नाही. 'एचआयव्हीसह जगणारे' लिहा. २०१७ च्या कायद्यानं अशा माणसाशी भेदभाव करायला बंदी आहे. निदान शब्दात तरी तो नको.

गंगाघाट:
मथळा केला: 'लैंगिक संबंधातून आणि रक्तातून पसरणाऱ्या संसर्गांना आळा: सरकारी योजना'. पत्रकात एका ओळीत मावेना, म्हणून दोन ओळी केल्या. आत्ताच छापखान्यातून प्रूफ आलं. 'समुपदेशन'चं 'समूपदेशन' झालंय. रविवार कारंजाला पळतो.