हायकूत रिअलटेक ८१११एच: विंडोजमधून आलं की लिंक नाही, थंड सुरू केलं की १६९.२५४

वायरमन_७

हायकू ही ऑपरेटिंग सिस्टिम, आर१ बीटा ५, ६४ बिट, यूईएफआय बूट. लॅन बोर्डावरचंच, रिअलटेक ८१११एच. त्याच मशिनवर विंडोज १० आहे, तिथे काही तक्रार नाही. हायकूत दोन प्रकार होतात आणि दुखणं एक की दोन, तेच कळत नाहीये.

पहिला: विंडोजमधून रीस्टार्ट करून हायकूत आलं की पोर्टाचे दोन्ही दिवे विझलेले. आयएफकॉन्फिगमध्ये (नेटवर्कची स्थिती दाखवणारी कमांड) इंटरफेस आहे, पण फ्लॅगांच्या ओळीत 'अप' आणि 'ब्रॉडकास्ट' दिसतं, 'लिंक' नाही.

दुसरा: मशिन पूर्ण बंद करून सुरू केलं की दिवे लागतात, 'लिंक' येतं, पण आयपी १६९.२५४ वाला. केबल भिंतीतल्या पॉइंटवरून मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचला जाते, स्विच माझ्या ताब्यात आहे.

लिस्टडेव्हमध्ये (हार्डवेअरची यादी देणारी कमांड) व्हेंडर १०ईसी, डिव्हाइस ८१६८. डेव्ह/नेटखाली आरटीएल८१एक्सएक्स/० तयार होतं. केबल बदलून पाहिली, फरक नाही. ड्रायव्हर चुकीचा लागलाय का?

कर्नलकाका

ड्रायव्हर बरोबर आहे. चुकीचा असता तर डेव्ह/नेटमध्ये नोंदच झाली नसती. तरी एक खात्री करा, कारण ८१६८ हा आयडी बी पासून एच पर्यंत सगळ्या पिढ्यांना एकच आहे, त्यावरून चिप कळत नाही. सिस्टिमच्या व्हार/लॉगमधल्या सिसलॉगमध्ये 'चिप रेव्ह' शोधा. ८१११एच असेल तर हेक्समध्ये ५४०००००० हवं. त्याऐवजी 'अननोन एच/डब्ल्यू रिव्हिजन' आलं असेल तर पुढचं वाचू नका, तो ड्रायव्हरमध्ये भर घालण्याचा विषय आहे. हायकूचा हा ड्रायव्हर म्हणजे फ्रीबीएसडीचा 'आरई', कंपॅटिबिलिटी लेयरवर बसवलेला. त्यामुळे लॉगमधले संदेश फ्रीबीएसडीच्या नावानेही शोधता येतात.

तुमची दुखणी दोन आहेत. पहिलं सांगतो, दुसऱ्याचं कोणीतरी स्विचवाला सांगेल.

विंडोजचा ड्रायव्हर जाताना चिपमधला फाय, म्हणजे केबलशी बोलणारा भाग, पॉवर-डाउनमध्ये टाकून जातो. रीस्टार्टमध्ये बोर्डाची वीज जात नाही, त्यामुळे फाय झोपलेलाच राहतो. पुढच्या ड्रायव्हरने त्याला नीट उठवलं नाही तर मॅक, म्हणजे मशिनशी बोलणारा भाग, जागा आणि फाय झोपलेला. म्हणूनच इंटरफेस दिसतो, मॅक ॲड्रेसही बरोबर दिसतो, फक्त लिंक नाही.

पडताळा असा: मशिन शटडाउन करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, पोर्टाचा दिवा पूर्ण विझू द्या, मग थेट हायकूत बूट करा. नुसतं शटडाउन पुरत नाही, कारण स्टँडबायचे ५ व्होल्ट कार्डाला मिळतच राहतात. लॅपटॉप असेल तर बॅटरीही सोडवावी लागते.

कायमचा इलाज विंडोजच्या बाजूने करून बघा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर 'शटडाउन वेक-ऑन-लॅन' चालू ठेवा आणि 'डब्ल्यूओएल अँड शटडाउन लिंक स्पीड' हे 'नॉट स्पीड डाउन'वर न्या. पॉवर मॅनेजमेंट टॅबवर वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढा. फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोजचं शटडाउन हे खरं शटडाउन नसतंच. एवढ्यानेही भागलं नाही तर बायोसमध्ये ईआरपी (बंद मशिनची वीज वाचवणारी सेटिंग) चालू करा. मग शटडाउननंतर कार्डाची वीज तुटते. बदल्यात वेक-ऑन-लॅन (नेटवर्कवरून मशिन सुरू करणं) जातं, आणि रीस्टार्टऐवजी शटडाउन करूनच हायकूत यावं लागतं.

पॅकेटराव

दुसऱ्या प्रकारात कार्डाला दोष देऊ नका. १६९.२५४ म्हणजे डीएचसीपीला, म्हणजे आयपी मागणाऱ्या विनंतीला, उत्तर आलं नाही, एवढंच. मॅनेज्ड स्विच म्हटल्यावर पहिला संशय स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कात लूप होऊ न देणारी स्विचची सोय. लिंक वर आली की जुन्या ८०२.१डी मध्ये पोर्ट १५ सेकंद लिसनिंग आणि १५ सेकंद लर्निंगमध्ये घालवतो. या ३० सेकंदांत तुमचं एकही पॅकेट पुढे जात नाही. रॅपिड स्पॅनिंग ट्री असली तरी पोर्ट 'एज' (पलीकडे स्विच नव्हे, पीसी असलेला) म्हणून ठरवलेला नसेल तर पीसीच्या बाबतीत साधारण तेवढाच वेळ लागतो, कारण समोरून बीपीडीयू (स्विच एकमेकांना पाठवतात ते संदेश) येत नाहीत. हायकू झटक्यात बूट होतं आणि स्विच पोर्ट उघडायच्या आधीच डीएचसीपी मागून मोकळं होतं.

बूट झाल्यावर ४० सेकंद थांबा आणि टर्मिनलमध्ये आयएफकॉन्फिग, इंटरफेसचा पूर्ण मार्ग आणि पुढे ऑटो-कॉन्फिग असं द्या. आयपी आला तर निदान पक्कं. दुसरी खूण: मध्ये एक साधा पाच पोर्टांचा अनमॅनेज्ड स्विच, आधीपासून चालू असलेला, लावा. मग मॅनेज्ड पोर्टाची लिंक पडतच नाही आणि आयपी लगेच येतो.

पटलं की त्या एका पोर्टवर एज किंवा पोर्टफास्ट (त्याच सोयीचं दुसरं नाव) आणि सोबत बीपीडीयू गार्ड (बीपीडीयू आला तर पोर्ट बंद करणारा). अपलिंकवर चुकूनही नको, लूप झाला तर अख्खा मजला बसेल.

वायरमन_७

चिप रेव्ह ५४०००००० च आहे. वीज तोडून सुरू केल्यावर लिंक आली, ४० सेकंदांनी ऑटो-कॉन्फिग दिल्यावर आयपीही आला. पोर्ट एज केला, आता बूटबरोबरच आयपी मिळतो. विंडोजमधल्या सेटिंगने मात्र पहिला प्रकार थांबला नाही, ईआरपीने थांबला.

एक शंका: थांबूनही आयपी आला नसता तर पुढे काय बघायचं?

कर्नलकाका

आयएफकॉन्फिगमधले रिसीव्ह आणि ट्रान्समिटचे आकडे. ट्रान्समिट वाढतोय, रिसीव्ह कितीही थांबलं तरी शून्यावरच, आणि लॉगमध्ये 'वॉचडॉग टाइमआउट', असं असेल तर इंटरप्ट, म्हणजे कार्डाने प्रोसेसरला दिलेल्या हाका, पोचत नाहीयेत. तेव्हा बूट होताना स्पेस दाबा (जुन्या बायोसवर शिफ्ट), सेफ मोडच्या पर्यायांत 'डिसेबल लोकल एपीआयसी' निवडा. त्याने एमएसआय (इंटरप्ट पाठवायची एक पद्धत) बंद पडतं. पॅकेट यायला लागले तर गाठ इंटरप्टशीच आहे. हा फक्त तपासणीपुरता पर्याय, कारण मशिन एकाच कोअरवर चालतं आणि काही नव्या बोर्डांवर बूटच होत नाही. निवड त्या एका बूटपुरतीच असते, त्यामुळे अडकलात तर नुसतं रीस्टार्ट करा.

आणि अपडेटनंतर बिघडलं असेल तर आधी त्याच मेनूत बूट व्हॉल्यूमखाली पॅकेजांची जुनी स्थिती निवडून बघा. पाच मिनिटांत कळतं की दोष नव्या कर्नलचा आहे की नाही.

शून्यएक

भर एवढीच: नेट नसताना लॉग बाहेर काढायला ॲण्ड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग वापरा. बीटा ४ पासून आरएनडीआयएसचा (अशा टेदरिंगच्या प्रोटोकॉलचा) ड्रायव्हर सोबतच येतो, डेव्ह/नेटमध्ये यूएसबी_आरएनडीआयएस/० उभं राहतं. आयफोन चालणार नाही, त्याचा प्रोटोकॉल वेगळा. हायकूकडे तिकीट (बिघाडाची नोंद) टाकताना पूर्ण सिसलॉग, लिस्टडेव्हचं आउटपुट आणि 'अबाउट'मधला रिव्हिजन नंबर जोडा. स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमकी हवी ती ओळ नसते.