सरांचा एच-इंडेक्स: स्कॉलरवर ३१, स्कोपसवर १९. छापायचा कोणता?

रावपुरा_नाका: बडोद्यातल्या एका न्यूरोलॉजी विभागप्रमुखांच्या निवृत्तीची पुस्तिका करतोय. आकडे जुळत नाहीत. एच-इंडेक्स (किमान h वेळा सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखनात उल्लेख, मिळालेले h पेपर) गूगल स्कॉलर आणि स्कोपस या दोन शोधसूच्यांवर वेगवेगळा दिसतो. सरांच्या बायोडेटात ८७ पेपर, पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या शोधसूचीत नाव टाकलं की दोनशेच्या वर. शुक्रवारी प्रेसला द्यायचंय.

तळटीप: पबमेड सोडा. 'पटेल एस' टाकलंत तर जगभरचे पटेल येणारच, आणि सायटेशन मोजायचं ते साधनही नव्हे. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञ-तपासणीआधीचे मसुदे), परिषदांचे गोषवारे, सगळ्यांतली सायटेशन धरतं. स्कोपस निवडक नियतकालिकं, ग्रंथ आणि परिषदांच्या कार्यवृत्तांपुरतं. म्हणून स्कॉलर सहसा फुगलेलं दिसतं. शिवाय प्रोफाइलमध्ये नावबंधूंचे पेपर आपोआप शिरतात, ते एकेक तपासून काढा.

पण १९ वरही लगेच शिक्का मारू नका. स्कोपसमध्ये एकाच माणसाची दोन-तीन प्रोफाइल पडतात, उदाहरणार्थ 'देशपांडे एस', 'देशपांडे एस आर', नोकरी बदलली की आणखी एक. लेखक-शोध फुकट आहे. प्रोफाइल एकत्र करायची विनंती आजच टाका, पण शुक्रवारच्या भरवशावर राहू नका. सगळे पेपर एक्सेलमध्ये घ्या, सायटेशन उतरत्या क्रमाने लावा. समजा १२०, ४०, ९, ६, ५, ३. पाचव्याला ५ आहेत, सहाव्याला ३च. एच झाला ५. दोन प्रोफाइलचे एच मिळवून बेरीज छापलेली पाहिली आहे. तसं होत नाही हो!

सहलेखक_क्र_४१२: वरच्या उदाहरणात १२० चे १२०० झाले तरी एच ५च राहतो. उलट एकूण सायटेशन एका पेपरने आभाळाला भिडतात. सर 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज' या जगभरच्या रोगभार-अभ्यासाच्या पेपरांत असतील तर तिथे शेकड्यांनी लेखक असतात. ते वेगळे दाखवा. पहिले, शेवटचे किंवा पत्रव्यवहाराचे लेखक म्हणून किती, हे न्यूरोलॉजीवाले आधी बघतात. केस रिपोर्ट (एखाद-दुसऱ्या रुग्णाची नोंद) आणि संपादकांना पत्रं मूळ संशोधनात मिसळू नका. ८७ मध्ये ती किती आहेत ते मोजाच.

तळटीप: आणि आकड्यांनीच पानं भरू नका. मुंबईचे डॉ. नोशीर वाडिया आणि स्वामी यांनी १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात नऊ कुटुंबांतला अटॅक्सिया (हालचालींचा तोल जाण्याचा आजार) मांडला, त्यात डोळ्यांची हालचाल संथ होते हे टिपलं. एससीए-२ या आनुवंशिक अटॅक्सियाचं जनुक सापडलं १९९६ मध्ये. संथ सॅकेड (नजरेच्या झटपट उड्या) दिसल्या की आजही एससीए-२ आठवतो. एच-इंडेक्सच मुळात २००५ चा, हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने काढलेला. त्यात हे कुठे बसणार? सरांचे तीन पेपर निवडा आणि प्रत्येकाने निदानात किंवा उपचारात काय बदललं ते दोन ओळींत लिहा.

रावपुरा_नाका: म्हणजे आकडा एकच, स्कोपसचा?

सहलेखक_क्र_४१२: हो, दुरुस्त केलेला. शेजारी स्रोत आणि पाहिल्याची तारीख. तारखेविना छापलात तर पुस्तिका वाटेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर वेगळा आकडा काढून दाखवेल.