कडू काढे आणि पोटाची गाऱ्हाणी: तुमच्या घरी काय चालायचं?

आमच्या खानापूर भागात पाऊस एकदा धरला की आठवडा आठवडा ऊन दिसत नाही, आणि घरात कुणाचं तरी पोट बिघडलेलं असतंच. परवा माझा नंबर लागला. आईनं रात्री पेल्यात काडेचिराईताच्या चार-पाच काड्या भिजत घातल्या आणि सकाळी अनशापोटी गाळून दिलं. लहानपणी पेला पालथा करून दाखवल्याशिवाय गुळाचा खडा मिळत नसे. परवाही नाही मिळाला! दुपारी भूक मात्र कडकडून लागली. तुमच्याकडं काय द्यायचे, किती द्यायचे? गुण नाही आला तर तेही लिहा.

जांबोटी
आव पडली की सासूबाई पांढऱ्या कुड्याची साल ताकात उगाळायच्या. एकदा ह्यांनी रानातून साल आणली. सासूबाईंनी तुकडा जिभेवर ठेवला, थोडं चघळलं आणि थुंकून म्हणाल्या, "हा काळा कुडा. गुरं राखलास आणि झाडं वळखत न्हाईस?" पांढऱ्याचं बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचं गोडं. दोन्हींना चीक पांढराच, त्यामुळं नवखा फसतोच. मला गुण यायचा, पण रक्त पडायला लागलं की त्या स्वतःच म्हणायच्या, आता दवाखाना.

बेळगाव, शहापूर
वरचं काडेचिराईत हिमालयाकडून येतं. आपल्या परसात उगवतं ते किराईत वेगळं झाड, कडूजहर दोन्ही. रविवार पेठेत मी किराईत मागितलं, शेजारणीनं कानडीत नेलबेवु. दुकानदारानं दोघींना एकाच डब्यातलं दिलं. आम्ही दोघी वाटभर हसत आलो.

निपाणी
आमच्यात कडुनिंब फक्त पाडव्याला. कोवळा पाला, गूळ, जिरं, हिंग. शेजारचे कानडी लोक बेवू-बेल्ला देतात, त्यात गूळच जास्त, म्हणून आम्ही पोरं तिकडंच पळायचो. वर्षभर पोट चांगलं राहतं म्हणे. माझं तर पाडव्याच्या श्रीखंडानंच बिघडायचं.

अनगोळ
माझा अनुभव वाईट आहे. दुधीचा रस रोज प्यायचो. एके दिवशी पहिलाच घोट कडू लागला. कडू म्हणजे औषधी हे डोक्यात इतकं बसलेलं की थुंकायच्या ऐवजी सगळा पेला संपवला. अर्ध्या तासात उलट्या, मग उलटीत रक्त. दोन दिवस सलाईनवर होतो. दुधी-काकडीच्या वेलांत कुकुर्बिटासिन नावाचं द्रव्य वाढलं की फळ कडू होतं आणि ते विषारी असतं, असं डॉक्टर म्हणाले. आता चिरताना आधी नखाएवढा तुकडा चाखतो.

चिकोडी
गुटीत अतिविष, मुरुडशेंग, सागरगोटा. सहाणेवर प्रत्येकाचे वेढे मोजून. माझ्या बाळासाठी आईनं सगळं पिशवीत बांधून आणलं होतं. पहिले 6 महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, म्हणाले डॉक्टर. सहाण माळ्यावर गेली आणि आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुन्हा खानापूर
दुधीचं आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "कडू दुधी व्हय? आम्ही म्हशीलासुद्धा घालत नव्हतो."