६२७ अश्वशक्तीत ताशी ३८६ किमी: मॅकलॅरन एफ१ला हे जमलं कसं?

रेडलाइन
३१ मार्च १९९८ला अँडी वॉलेसने जर्मनीतल्या एरा-लेसिनच्या ट्रॅकवर मॅकलॅरन एफ१ (रेसिंगची नव्हे, रस्त्यावरची गाडी) ताशी ३८६ किमीला नेली. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नाही, अश्वशक्ती ६२७. पुढे २००५मध्ये बुगाटी वेरॉनने तिथेच ४०७ गाठले, पण त्यासाठी चार टर्बो आणि १,००१ अश्वशक्ती लागली. वीसेक किमीसाठी पावणेचारशे अश्वशक्ती जादा? एफ१चं वजन ११३८ किलो आणि वेरॉन १९००च्या आसपास, म्हणून का?

टेस्टबेड
वजनाचा परिणाम पिकअपमध्ये दिसतो. साडेतीनशेच्या पुढे सगळी झुंज हवेशी असते, आणि तिथे लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. ३८६वरून ४०७ म्हणजे वेग जेमतेम साडेपाच टक्क्यांनी वाढला, पॉवर मात्र सतरा टक्के जास्त हवी. म्हणजे एफ१च्याच अंगाच्या गाडीला साधारण ७३५ पुरली असती.

उरलेली अश्वशक्ती कुठे गेली? वेरॉन जास्त रुंद, टायर जाडजूड, आणि तिला दहा रेडिएटर. मी इंजिनांच्या टेस्ट बेडवर (जिथे इंजिन गाडीबाहेर चालवून तपासतात) काम करतो, त्यामुळे माझी नजर आधी त्या रेडिएटरांवर जाते. इंजिन चाकांना जेवढी पॉवर देतं त्यापेक्षा जास्त उष्णता बाहेर टाकतं. ती काढायला हवा आत घ्यावी लागते, आत घेतलेली हवा ड्रॅग, म्हणजे हवेचा विरोध, वाढवते, ड्रॅगला पुन्हा पॉवर लागते. या चक्रात एकदा शिरलं की सुटका नाही.

एफ१चा डिझायनर गॉर्डन मरेने हे चक्र सुरूच होऊ दिलं नाही. गाडी आटोपशीर, ड्रायव्हर मधोमध, मागे मोठा विंग नाही, सांगाडा कार्बन फायबरचा. इंजिन आधी होंडाकडे मागितलं होतं, तिथे जमलं नाही. मग बीएमडब्ल्यूचे पॉल रोशे पुढे आले. मरेला हवी होती ५५० अश्वशक्ती आणि २५० किलो वजन. रोशेंनी दिलं ६.१ लिटरचं व्ही१२: वजन २६६ किलो, अश्वशक्ती ६२७. सोळा किलो जास्त, पण काय इंजिन आहे ते! इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पत्रा लावला, कारण सोनं उष्णता परावर्तित करतं. आणि मागचा सायलेन्सर असा बनवला की मागून धडक बसली तर तोच चेपून धक्का शोषून घेईल. एकाच वस्तूकडून दोन कामं. मला या गाडीतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

मृगाक्षी
पण त्या विक्रमाच्या दिवशी रेव्ह लिमिटर (इंजिनाच्या फेऱ्यांवरची मर्यादा) वर सरकवला होता ना? ग्राहकाला मिळणाऱ्या गाडीत तो मिनिटाला ७,५०० फेऱ्यांवर होता.

टेस्टबेड
हो, सरकवला होता, आणि आकडा सांगताना ते सांगायलाच हवं. त्या दिवशी पळालेली एक्सपी५ ही गाडी प्रोटोटाइप, म्हणजे चाचणीसाठीचा नमुना, होती. मूळ लिमिटरवर गाडी सहाव्या, म्हणजे शेवटच्या, गियरमध्येच अडायची. म्हणजे पॉवर शिल्लक होती, फिरायला जागा नव्हती. वेरॉन सुपर स्पोर्टचंही तेच झालं. २०१०मध्ये ती ४३१ला पळाली, ग्राहकांच्या गाड्या मात्र ४१५ला बांधलेल्या. त्यावरून २०१३मध्ये गिनेसने विक्रम आधी काढून घेतला आणि नंतर परत दिला.

रेडलाइन
घनाचा हिशोब आता पटला. मग ४३१ला १,२०० अश्वशक्ती का लागली, तेही याच सूत्रातून निघतं. ४०७वरून मोजलं तर जवळजवळ तेवढीच येते!